राउटर आहे, मग संगणकावर वेगळी फायरवॉल कशाला?

एका परिचितांच्या घरी डेस्कटॉपला वायरने प्रिंटर जोडलेला होता आणि लॅपटॉपवरून छापलं जात नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने दोन्ही संगणकांवरची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून होणाऱ्या जोडण्या अडवणारा किंवा जाऊ देणारा पहारेकरी प्रोग्राम, बंद केली, कागद बाहेर आला, आणि जाताना तो सांगून गेला, "घरात राउटर आहे ना, तोच फायरवॉल असतो. ही दुसरी उगाच आडवी येते." पुढे दोन वर्षं तो लॅपटॉप हॉटेलांत, विमानतळांवर, ग्रंथालयांत, दुसऱ्यांच्या घरी, मिळेल त्या वाय-फायला जोडला गेला. फायरवॉल तेव्हाही बंदच होती. घरातला राउटर घरीच राहतो, लॅपटॉपसोबत प्रवासाला येत नाही, ही साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

म्हणून उत्तर आधीच देतो. राउटर असला तरी संगणकावरची फायरवॉल चालू हवी. पण त्यासाठी पैसे मोजायची किंवा काही नवं उतरवून घ्यायची गरज जवळजवळ कुणालाच नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत ती आधीपासून असते. ती चालू आहे ना, नीट लावलेली आहे ना, एवढं पाहायला एक संध्याकाळ पुरते.

पायरी १ : राउटर काय अडवतो ते समजून घ्या

सेवा पुरवठादार घराला बहुधा एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखायचा आकड्यांचा पत्ता) देतो. घरात मात्र फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर अशी कितीतरी उपकरणं असतात. एका पत्त्यावर सगळ्यांचं भागवण्यासाठी राउटर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा (माहितीच्या तुकड्यावरचा) पत्ता बदलत राहतो. याला नॅट म्हणतात. १९९४ मध्ये ही पद्धत मांडली गेली ती जगातले पत्ते अपुरे पडू लागले होते म्हणून. सुरक्षा हा तिचा हेतू नव्हता, तो ओघाने मिळालेला लाभ आहे.

तो लाभ असा. तुमच्या लॅपटॉपने एखादं संकेतस्थळ मागितलं की राउटर आपल्या वहीत नोंद करतो : अमक्या यंत्राने तमक्या पत्त्याला विचारलं आहे. उत्तर आलं की नोंद पाहून ते त्या यंत्राकडे पोचवतो. बाहेरून कुणी आपणहून काही पाठवलं, तर वहीत त्याची नोंदच नसते. ते कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. याशिवाय बहुतेक घरगुती राउटरमध्ये स्वतःची फायरवॉलही असते. (तिला "हार्डवेअर फायरवॉल" म्हणायची पद्धत आहे, पण राउटरच्या डबीत चालतं तेही सॉफ्टवेअरच. फरक आहे तो पहारा कुठे बसला आहे याचा.)

या पहाऱ्याची किंमत ऑगस्ट २००३ मध्ये सगळ्यांना कळली. ब्लास्टर नावाचा वर्म (यंत्रातून यंत्रात स्वतःहून पसरणारा वाईट प्रोग्राम) विंडोजच्या एका त्रुटीतून, पोर्ट १३५ मार्गे, आपोआप पसरत होता; पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार. कुणी काही उघडलं नाही, कुठे क्लिक केलं नाही, तरी थेट मोडेमने इंटरनेटला जोडलेली यंत्रं बाधित होत होती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैमध्येच दिली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवलेली नव्हती. अशातही ज्यांच्या घरी राउटर होता त्यांच्या यंत्रापर्यंत तो बाहेरून पोचू शकत नव्हता. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून फायरवॉल होती, पण मुळात बंद असायची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू होऊ लागली. "राउटर आहे ना, मग पुरे" या समजुतीला अशा अनुभवांचा आधार आहे. ती निराधार नाही, अपुरी आहे.

पायरी २ : तुम्ही खरंच राउटरच्या मागे आहात का?

हे गृहीत धरू नका, तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे चालू जोडणीचे तपशील. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, डिटेल्स. तिथला आयपीव्ही४ पत्ता पाहा. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांच्यामध्ये असेल, तर तो खासगी पत्ता आहे आणि तुमच्या पुढे कुणीतरी नॅट करत आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. याखेरीज वेगळा आकडा दिसला, तर तुमचा संगणक थेट इंटरनेटवर उघडा असण्याची शक्यता आहे. पुरवठादाराने दिलेली पेटी "ब्रिज मोड"वर ठेवलेली असली की असं होतं, कारण तेव्हा ती नुसती मोडेम असते आणि राउटरचं काम करत नाही. तसं असेल तर बाकी वाचन बाजूला ठेवा आणि आधी पायरी ४ करा.

एक अपवाद : १०० ने सुरू होणारा आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर नॅट पुरवठादाराच्या बाजूला आहे. अशा वेळी तुमच्या शेजारच्या ग्राहकांपासून तुम्हाला किती वेगळं ठेवलं आहे हे सर्वस्वी पुरवठादारावर अवलंबून असतं. त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ३ : राउटरला न दिसणाऱ्या वाटा

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

पहिली वाट घरातल्या घरात. राउटरचा पहारा इंटरनेट आणि घर यांच्या मधल्या सीमेवर असतो. एकाच वाय-फायवरच्या दोन यंत्रांमध्ये जे बोलणं चालतं, त्याच्यामध्ये तो सहसा पडत नाही. मुलाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं, पाहुण्याचा फोन बाधित असला, स्वस्तातला कॅमेरा कुणाच्या ताब्यात गेला, तर तिथून तुमच्या संगणकावर होणाऱ्या हल्ल्याआड राउटर येत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर या वर्मने हे जगभर दाखवलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून आत यायच्या आणि एकदा एका यंत्रात शिरल्या की त्या जाळ्यातल्या (नेटवर्कमधल्या) बाकीच्या यंत्रांकडे वळायच्या. १२ मे २०१७ रोजी सुटलेल्या वॉनाक्राय या वर्मनेही तसंच केलं. तो इंटरनेटवरचे पत्ते तर चाचपून पाहायचाच, पण आसपासच्या जाळ्यातल्या यंत्रांचे पोर्ट ४४५ (विंडोजमध्ये फाइल आणि प्रिंटर वाटून घ्यायचं दार) देखील ठोठावायचा. त्याचीही दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. दुरुस्ती नसलेलं, पण फायरवॉलने पोर्ट ४४५ बंद ठेवलेलं यंत्र त्या वाटेने बाधित होऊ शकत नव्हतं. संगणकावरच्या फायरवॉलचं मोल मला याच एका गोष्टीत सर्वांत जास्त वाटतं : तुमच्या आळसाला किंवा उशिराला ती थोडा वेळ मिळवून देते.

दुसरी वाट राउटर स्वतःच उघडून देतो. यूपीएनपी नावाची सोय बहुतेक घरगुती राउटरमध्ये असते. आतल्या एखाद्या गेमने, कॅमेऱ्याने किंवा टॉरेंटच्या प्रोग्रामने "माझ्यासाठी बाहेरचा अमका पोर्ट उघड" म्हटलं की राउटर उघडतो. ना पासवर्ड विचारतो, ना तुम्हाला कळवतो. कॉन्फिकर नेमकी हीच सोय वापरून राउटरमध्ये स्वतःसाठी छिद्र पाडून घ्यायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या वाईट प्रोग्रामने जे हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते बाहेरून पोचता येतील असे होते, आणि त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेले नव्हते. मिराईच्या पोतडीत अशा नाव-पासवर्डाच्या अवघ्या ६० च्या आसपास जोड्या होत्या. तेवढ्या पुरल्या.

तिसरी वाट आयपीव्ही६. पत्ते देण्याच्या या नव्या पद्धतीत त्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि नॅटची गरजच उरत नाही. मग वहीत नोंद नसल्याने मिळणारं आपसूक संरक्षणही उरत नाही. तिथे राउटरच्या फायरवॉलने मुद्दाम अडवावं लागतं. चांगले राउटर ते करतात. काहींमध्ये तो पर्याय बंद असतो किंवा नसतोच. पायरी २ मधल्याच पानावर आयपीव्ही६ पत्ता पाहा. तो २ किंवा ३ या आकड्याने सुरू होत असेल तर तुमचं यंत्र जगाला थेट पत्त्याने ओळखता येतं. "मी नॅटच्या मागे आहे" हे तेव्हा अर्धंच खरं असतं.

चौथी वाट व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या जाळ्यापर्यंत नेणारा बंद बोगदा. व्हीपीएन जोडलं की संगणकाला एक नवीन जाळं मिळतं आणि त्या बोगद्यातून येणाऱ्या पॅकेटमध्ये काय आहे हे राउटरला दिसत नाही. कार्यालयाचं व्हीपीएन असेल तर पलीकडे शेकडो यंत्रं असू शकतात.

आणि पाचवी वाट सुरुवातीलाच सांगितली : लॅपटॉप घराबाहेर पडतो.

पायरी ४ : आहे ती फायरवॉल चालू करा

विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा आणि फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शनवर जा. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक असे तीन प्रकार दिसतील. तिन्हींपुढे ती चालू असल्याचं लिहिलेलं हवं. सध्या "ॲक्टिव्ह" असलेला एकच पाहून परत फिरू नका. आज बंद दिसणारा पब्लिक प्रकार उद्या बाहेर गेल्यावर लागू होणार असतो. दुसऱ्या एखाद्या सुरक्षा प्रोग्रामचं नाव तिथे दिसलं तर सूत्रं त्याच्या हाती आहेत. त्या प्रोग्रामची मुदत संपली आहे का ते लगेच तपासा. मुदत संपलेला प्रोग्राम नावापुरता जागा अडवून बसलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. तो काढून टाका, संगणक पुन्हा सुरू करा आणि विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू झाली आहे याची खात्री करा.

मॅकवाल्यांनी हे नीट वाचावं, कारण तिथे फायरवॉल मुळात बंद असते. सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल इथे जाऊन ती चालू करा. जुन्या आवृत्त्यांत ती सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये सापडते. ऑप्शन्समध्ये "स्टेल्थ मोड" आहे, तोही चालू ठेवायला हरकत नाही. मग कुणी चाचपून पाहिलं तरी यंत्र उत्तर देत नाही. मॅकची ही फायरवॉल फक्त आत येणाऱ्या जोडण्या पाहते, बाहेर जाणाऱ्या नाही, हे लक्षात असू द्या.

उबुंटू या लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं साधन उबुंटूच्या ८.०४ आवृत्तीपासून येतं, पण बंद असतं. गफडब्ल्यू नावाचा खिडकीवाला प्रोग्राम उतरवून घेतला की एका बटणाने चालू होतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये फायरवॉलडी हे तसलंच साधन आधीच चालू असतं, मात्र फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती १०२४ च्या वरचे पोर्ट मोकळे ठेवते. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) वापरत असाल तर एक सावधगिरी : डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात.

पायरी ५ : हे जाळं कुणाचं, ते संगणकाला खरं सांगा

विंडोज प्रत्येक वाय-फायला पब्लिक किंवा प्रायव्हेट असा शिक्का मारतं. पब्लिक म्हणजे "इथे मला कुणावर भरवसा नाही", प्रायव्हेट म्हणजे "ही माझ्या घरची यंत्रं आहेत, त्यांना मी दिसलो तरी चालेल". फायरवॉल दोन्हीकडे चालूच असते, पण प्रायव्हेटमध्ये फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्याची दारं उघडता येतात.

त्या परिचितांच्या घरची अडचण इथे होती. दोन्ही संगणकांवर घरच्या वाय-फायला पब्लिकचा शिक्का होता, म्हणून डेस्कटॉप आपला प्रिंटर लॅपटॉपला दाखवत नव्हता. उपाय दोन क्लिकचा होता : सेटिंग्जमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट करणं आणि डेस्कटॉपवर फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करणं. फायरवॉलला हात लावायचं कारणच नव्हतं.

फक्त आपल्या घरचं, पासवर्ड आपल्याला ठाऊक असलेलं जाळं प्रायव्हेट ठेवा. हॉटेल, वसतिगृह, मित्राचं घर, सभागृह, हे सगळं पब्लिक. शंका आली तर पब्लिक. घरात काहीच वाटून घ्यायचं नसेल तर घरचंही पब्लिक ठेवा; ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल यांना काहीही फरक पडत नाही. पाहुणे किंवा भाडेकरू तुमचं वाय-फाय वापरत असतील तर मी हेच सुचवेन.

पायरी ६ : "परवानगी द्यायची का?" असं विचारलं तर

नव्या वापरकर्त्यांची सगळ्यात मोठी गफलत या खिडकीपाशी होते. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा चालवला की विंडोज विचारतं, याला जाळ्यावर परवानगी द्यायची का? लोकांना वाटतं, नाही म्हटलं तर प्रोग्राम इंटरनेटशिवाय राहील. म्हणून ते हो म्हणतात, आणि दोन्ही चौकोनांत खूण करून मोकळे होतात.

ही विचारणा आत येणाऱ्या जोडण्यांबद्दल असते. प्रोग्राम म्हणत असतो, "बाहेरून कुणी मला हाक मारली तर मला ऐकू येऊ दे." बाहेर जाऊन माहिती आणायला विंडोजमध्ये मुळात मुभा असतेच. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : दुसऱ्या यंत्राने आपणहून या प्रोग्रामशी संपर्क साधायची गरज आहे का? घरच्या टीव्हीला सिनेमे पुरवणारा प्रोग्राम, दोन संगणकांत फाइली देवाणघेवाण करणारा प्रोग्राम, मित्रांसाठी स्वतःच्या यंत्रावर चालवलेला गेम, यांना ती असते. फोटो संपादक, शब्दलेखन, हिशेबाचा प्रोग्राम यांना नसते. नसेल तर नकार द्या. काही अडलं तर यादीत जाऊन परवानगी केव्हाही देता येते. प्रोग्राम खराब होत नाही. द्यायचीच झाली तर फक्त प्रायव्हेटच्या चौकोनात खूण करा. पब्लिकची खूण म्हणजे विमानतळावरच्या अनोळखी यंत्रांनाही दिलेली मुभा.

पायरी ७ : जुन्या परवानग्या झाडून काढा

फायरवॉलच्या पानावर "अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल" असा दुवा आहे. तो उघडा आणि यादी शांतपणे वाचा. चार वर्षांपूर्वी काढून टाकलेला गेम, एकदाच वापरलेला स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, प्रिंटरसोबत आलेलं काहीबाही, हे सगळं तिथे सापडतं. ओळखीचं आणि नकोसं असेल त्याची खूण काढा. विंडोजचे स्वतःचे भाग नावावरून कळत नसतील तर त्यांना हात लावू नका. यादी फारच गोंधळाची वाटली तर फायरवॉलच्या त्याच मूळ पानावर सगळं मूळ स्थितीत नेणारा "रिस्टोअर" पर्याय आहे. मग जे खरंच लागतं ते पुन्हा परवानगी मागेल.

कोण कान देऊन बसलं आहे हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क टॅबमध्ये लिसनिंग पोर्ट्स पाहा. तिथे प्रोग्रामचं नाव, पोर्ट आणि फायरवॉलने त्याला मोकळीक दिली आहे की नाही, हे एका ओळीत दिसतं. मला हे पान फार उपयोगी वाटतं, कारण इथे अंदाज करावा लागत नाही.

पायरी ८ : बाहेर जाणाऱ्यावर पहारा हवा का?

विकतच्या फायरवॉलची जाहिरात बहुधा याच मुद्द्यावर चालते : तुमच्या यंत्रात काही शिरलंच, तर ते माहिती बाहेर पाठवताना आम्ही पकडू. राउटर हे करत नाही, हे खरं. आतून निघालेलं सगळं तो मुकाट्याने जाऊ देतो. विंडोजची फायरवॉलही मुळात तसंच वागते. व्हिस्टापासून तिला बाहेर जाणारं अडवता येतं, पण ते नियम ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः लिहावे लागतात.

तरी माझं मत स्पष्ट आहे : नवख्या माणसाने यामागे लागू नये. शिरलेला वाईट प्रोग्राम तुमच्याच अधिकारांनी चालत असतो. तो ब्राउझरच्या आडून, संकेतस्थळांच्या नेहमीच्या पोर्ट ४४३ वरून, इतर सगळ्यांसारखाच बाहेर पडू शकतो. त्याला प्रशासकाचे अधिकार मिळाले तर तो फायरवॉलमध्ये स्वतःसाठी नियमही लिहू शकतो. तो शिरला तेव्हाच लढाईचा मोठा भाग हातातून गेलेला असतो. दुसरं असं की रोज वीस वेळा "अमक्या नावाची सेवा तमक्या पत्त्याशी बोलू इच्छिते" असं विचारलं गेलं की माणूस आठवड्याभरात न वाचता हो म्हणायला शिकतो. ही सवय फार वाईट, कारण ती पायरी ६ मधल्या महत्त्वाच्या प्रश्नालाही लागते.

शिवाय प्रत्येक जादा प्रोग्राम म्हणजे त्रुटीची एक जादा शक्यता. मार्च २००४ मध्ये विटी नावाचा वर्म आला तो ब्लॅकआइस या फायरवॉलच्या आणि त्याच कंपनीच्या इतर सुरक्षा उत्पादनांच्या त्रुटीतून. त्रुटी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी वर्म सुटला. तो डिस्कवरची माहिती खराब करत जायचा. ज्यांनी संरक्षणासाठी तो प्रोग्राम बसवला होता, तेच नेमके सापडले.

एखाद्याला आपले प्रोग्राम कुणाशी बोलतात याचं कुतूहल असेल, खासगीपणाची आच असेल आणि प्रत्येक प्रश्न वाचायची चिकाटी असेल, तर गोष्ट वेगळी. मॅकवर लिटल स्निच किंवा मोफत मिळणारं लुलू, लिनक्सवर ओपनस्निच, ही त्यासाठी चांगली साधनं आहेत. त्यांच्याकडे कुलूप म्हणून पाहू नका, आरसा म्हणून पाहा. आपला संगणक दिवसभर काय करतो ते त्यांत दिसतं. पण आत येणारं अडवणाऱ्या दोन फायरवॉल एकाच यंत्रावर एकदम चालवू नका. संरक्षण दुप्पट होत नाही, आणि काही अडलं की कुणामुळे अडलं हे शोधण्यात दिवस जातो.

पायरी ९ : राउटरचंही कर्ज फेडा

संगणक सावरला की राउटरकडे वळा. तिथल्या व्यवस्थापनाच्या पानाचा कारखान्यातला पासवर्ड बदला; तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेकांनी कधीच बदललेला नसतो. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आपोआप होण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. बाहेरून व्यवस्थापन करण्याचा पर्याय बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेलं आतल्या एखाद्या यंत्राकडे पाठवायच्या) यादीत आणि "डीएमझेड" नावाच्या पर्यायात काही लिहिलेलं असेल आणि ते का आहे हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर ते काढा. डीएमझेडमध्ये ज्या यंत्राचा पत्ता असतो ते जवळजवळ राउटर नसल्यासारखंच उघडं पडतं. आयपीव्ही६ ची फायरवॉल वेगळी दिली असेल तर ती चालू आहे ना पाहा.

यूपीएनपी बंद करून आठवडाभर राहून पाहा. बहुतेकांचं काहीही अडत नाही. एखादा गेम किंवा कॉल अडलाच, तर तेवढ्यासाठी एकच पोर्ट हाताने उघडणं बरं. कॅमेरे, दिवे, टीव्ही असली उपकरणं पाहुण्यांच्या वेगळ्या वाय-फायवर टाका. अनेक राउटर त्या जाळ्यातल्या यंत्रांना मुख्य जाळ्यापासून दूर ठेवतात.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण राउटरही संगणकच आहे आणि तोही बाधित होतो. मे २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या वाईट प्रोग्रामने ५४ देशांत निदान ५ लाख राउटर आणि तशी उपकरणं ताब्यात घेतली होती. पहारेकरीच फितूर झाला तर आतल्या प्रत्येक यंत्राला स्वतःची कडी लागतेच.

पायरी १० : बाहेरून तपासा, मग आतून तपासा

इंटरनेटवर तुमचे पोर्ट चाचपून दाखवणारी मोफत संकेतस्थळं आहेत. शील्ड्स अप हे त्यांतलं जुनं आणि प्रसिद्ध. ते वापरा, पण निकालाचा अर्थ नीट लावा. राउटरच्या मागे बसून ही तपासणी केली तर परीक्षा राउटरची होते, संगणकाची नव्हे. सगळं हिरवं आलं म्हणून "माझी फायरवॉल उत्तम" असं म्हणता येत नाही; ती बंद असली तरी निकाल तोच येईल. व्हीपीएन चालू ठेवून तपासलं तर परीक्षा व्हीपीएन पुरवणाऱ्याच्या यंत्राची होते. म्हणून ते आधी बंद करा.

संगणकाची परीक्षा घ्यायची तर ती घरातूनच, दुसऱ्या यंत्रावरून घ्यायला हवी. दुसऱ्या लॅपटॉपवर एनमॅप किंवा फोनवर पोर्ट तपासणारं एखादं ॲप घ्या, पायरी २ मध्ये पाहिलेला संगणकाचा पत्ता त्यात टाका आणि तपासणी चालवा. स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या यंत्रांवरच. दुसऱ्याच्या जाळ्यावर असं चाचपणं गुन्हा ठरू शकतं. नेहमीच्या विंडोज यंत्रावर फायरवॉल बंद असेल तर १३५, १३९ आणि ४४५ हे पोर्ट बहुधा उघडे दिसतात. चालू असेल आणि जाळं पब्लिक असेल, तर यादी रिकामी यायला हवी. एखादा पोर्ट दिसलाच तर रिसोर्स मॉनिटरमध्ये तो क्रमांक शोधा, प्रोग्रामचं नाव मिळेल.

विंडोजची मोठी आवृत्ती बदलली, नवा राउटर आला, सुरक्षा प्रोग्रामची मुदत संपली, किंवा कुणी "जरा वेळ फायरवॉल बंद करतो" म्हणून संगणकावर बसलं, की ही आतली तपासणी पुन्हा करा. त्या परिचितांच्या घरी मी ती शेवटी केली तेव्हा डेस्कटॉपवर ४४५ आणि त्याच्या सोबतचे पोर्ट उघडे दिसले. प्रिंटर वाटून देतो म्हटल्यावर ते तसेच दिसणार. लॅपटॉपला कुणाला काही द्यायचं नव्हतं, फक्त छापायचं होतं. त्याचा एकही पोर्ट उघडा नव्हता, आणि कागद नीट छापून येत होता.